स्वादुपिंडातली भावकी

माझ्या दहाव्याच्या फ्लेक्सवर कोणता फोटो टाकायचा, यावर आमच्या पडवीत बोलणं चाललं होतं तेव्हा मी आतल्या खोलीत पेज पीत बसलो होतो. दुपारची वेळ. दार नुसतं लोटलेलं.

"बैलासंगटचा टाकू," माझा चुलतभाऊ विलास म्हणाला. "त्यात दादा भरल्यावानी दिसतोय."

"आन् नदीवर जागा आदीच सांगून ठेव," त्याची आई, आमची नानी, म्हणाली. "हल्ली तितंबी नंबर लागत्यात."

तोवर घरच्यांनी मला एवढंच सांगितलं होतं की स्वादुपिंडाला सूज आहे, उतरेल. मला कॅन्सर आहे हे मला माझ्याच श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवरून कळलं.

हा लेख मी त्या दुपारपासून मनात लिहितोय. ज्यांच्यावर असा प्रसंग आलाय त्यांना थोडा धीर यावा, चार गोष्टी कळाव्यात, म्हणून तर लिहितोच. पण खोटं कशाला बोलू, पहिलं कारण ते नाही. विलासने हा वाचावा म्हणून लिहितोय.

पिवळे डोळे

मी चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपचा मेंटेनन्स सुपरवायझर. गाव मोशीच्या पुढे, नाशिक रस्त्यापासून आत. निम्म्या शिवारावर आता कंपन्यांचे पत्रे आहेत. पण आमचा गोठा अजून जागेवर आहे आणि त्यात माझा काजळ्या होता. खिलार, डोळ्यांभोवती काळी किनार. वासरू असल्यापासून मी वाढवलेला, शर्यतीचा बैल. चढाच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, गाडा पळतो, निकाल सेकंदांवर लागतो आणि माइकवरून बैलाबरोबर मालकाचं नाव पुकारलं जातं. त्या नावासाठी आमच्याकडची माणसं काय वाटेल ते करतात. विलास आणि मी मिळून काजळ्याला पळवायचो. खुराक माझा, मालीश माझी. नाव पुकारलं जायचं तेही माझंच.

एकदा पहिल्या शिफ्टला हात धुताना शेजारी उभा असलेला कांबळे म्हणाला, "राव, तुझे डोळे बघ आरशात." कांबळे पिंपरीचा. त्याचे वडीलही कारखान्यातच होते. आम्ही एकाच वर्षी कामाला लागलो. मी आरशात पाहिलं. बुबुळाभोवतीचा पांढरा भाग हळद लावल्यासारखा.

पोटात दुखत नव्हतं, हेच फसवं होतं. दुखलं असतं तर लगेच पळालो असतो. लघवी काळ्या चहासारखी व्हायची, शौचाचा रंग मातीसारखा फिका झाला होता, वजन उतरत होतं, तरी मी म्हणायचो, साधी कावीळ असेल. नानी मला काविळीचं औषध देणाऱ्या एका माणसाकडे घेऊन गेली. त्याने चुन्याच्या पाण्यात माझे हात धुतले, पाणी पिवळं झालं. "बघ, उतरली," नानी म्हणाली. पाणी दर वेळी पिवळं होत होतं आणि मी दर वेळी आणखी पिवळा होत होतो. वाचणाऱ्याला हात जोडून सांगतो, डोळे पिवळे दिसले तर पाण्यात हात धुवायला जाऊ नका. सरळ तपासणीला जा.

मग खाज सुटली. ही खाज कातडीची नव्हे, कातडीच्या आतली. वाट बंद झाली म्हणून पित्त रक्तात उतरतं आणि मग तळहात, तळपाय, पाठ, सगळं पेटतं. मी कंगव्याने पाठ खाजवायचो, रक्त यायचं, तरी थांबता यायचं नाही. बायको सुरेखा ओला पंचा पाठीवर टाकून वारा घालायची. तेवढा वेळ बरं वाटायचं.

बाहेर बोललेलं

चिंचवडच्या एका हॉस्पिटलात स्कॅन झाला. सर्जनने विलासला आणि सुरेखाला केबिनमध्ये बोलावलं, मला बाहेर बाकावर बसवलं. सुरेखा बाहेर आली ती पदराने तोंड पुसत. विलास माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सूज हाय दादा. नळी टाकत्यात आन् मोकळं करत्यात."

नळी टाकण्याची तारीख मिळेपर्यंत आम्ही घरी आलो आणि माणसं भेटायला यायला लागली. आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस कसा येतो? फळं आणतो, दोन गोष्टी सांगतो, कधी कामावर जाणार विचारतो. मला कुणी काही विचारेना. यायचे, माझ्याकडे टक लावून बघायचे, जाताना पाया पडायचे. माझ्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा! कांबळे तेवढा आला आणि खाली बसत म्हणाला, "तुझ्या जागी एक पोरगा ठेवलाय रे, मशीन बिघडली की आधी मोबाईल बघतो. लवकर ये, डोकं फिरायची वेळ आलीय." त्या सगळ्या दिवसांत मी पुढच्या महिन्यातही असणार असं धरून बोलणारा तो एकटाच.

आणि मग ती फ्लेक्सची दुपार.

पेजेची वाटी खाली ठेवून मी सुरेखाला हाक मारली. म्हणालो, "मला कॅन्सर हाय का?"

ती दारात उभी राहिली. "तुमाला कोन म्हनलं?"

"हाय का न्हाई?"

"डॉक्टर म्हनलं, तसंच दिसतंय." आणि ती माझ्या पायाशी बसून रडली. मला मात्र रडू आलं नाही. भीती होतीच. पण तिच्यावर दुसरंच काहीतरी चढून बसलं. मला वाटलं, हे माझा फोटो निवडतायत. मी इथं आतल्या खोलीत असताना!

हिरव्या बांगड्या

ॲडमिट झाल्यावर दोन गोष्टी कळल्या, आणि त्या दोन्ही मी अजून गिळलेल्या नाहीत.

पहिली मोबाईलवर दिसली. गावातल्या एका पोराच्या स्टेटसवर काजळ्या होता. शिंगांना रिबिनी, अंगावर गुलाल, बाजूला बाळाशेठ नावाचा भंगाराचा ठेकेदार आणि त्याला चिकटून विलास. माइकवरचा आवाज म्हणत होता, "बाळाशेठ आणि विलासराव यांचा काजळ्या!" विलासने बैल शेठच्या दावणीला नेऊन बांधला होता. बदल्यात त्याला एवढंच हवं होतं की नाव पुकारताना त्याचंही पुकारलं जावं. माझ्या हाताला सलाईन होतं. मी तो व्हिडिओ परत लावला. परत लावला. सिस्टर येऊन म्हणाली, "काका, बीपी वाढतंय, फोन ठेवा."

दुसरी गोष्ट सुरेखाने लपवली होती. ती मला आमच्या मुलीने, प्राजक्ताने सांगितली. भावकीत एका बाळाचं बारसं होतं. बायकांना बांगड्या भरायला कासारीण आली होती. सुरेखाने हात पुढे केला तर नानी कासारणीला म्हणाली, "हिला ऱ्हाऊ दे आता. उगा भरायच्या आन् उगा फोडायच्या."

चार बायकांत.

सुरेखा हात मागे घेऊन उठून आली.

त्या दिवशी मी ठरवलं की मरायचं नाही. आयुष्य सुंदर आहे वगैरे माझ्या मनात काही आलं नाही. देवही आठवला नाही. नानीचं तोंड आठवलं आणि वाटलं, हिच्या समोर चालत जायचंच. जेवण जात नव्हतं, घास फिरत होता, तरी मी विलासचं नाव घेऊन एकेक घास खाली ढकलला. पुस्तकांत लिहितात की आजारपणात मन शांत ठेवावं. ज्याला जमतं त्याने ठेवावं. मला रागाने उठवून बसवलं.

डॉक्टर मॅडम

पित्ताच्या वाटेत नळी टाकायचं काम पोटाच्या विकाराच्या एका डॉक्टर मॅडमकडे होतं. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या, घाई नसलेल्या. स्वादुपिंड आणि पित्तनलिकेचे आजार हाच त्यांचा अभ्यासाचा विषय होता. उपचारही करायच्या आणि संशोधनही. तोंडातून दुर्बीण घालून त्यांनी नळी टाकली, पित्त मोकळं झालं आणि खाज हळूहळू उतरली. त्या सुखाचं वर्णन मला करता येणार नाही. मी दुपारभर झोपलो.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या. माझ्याकडे पाहता पाहता त्यांनी जबड्याखाली दोन्ही बाजूंनी बोटं लावली.

"हे फुगलेलं कधीपासून आहे?"

"वर्ष झालं असंल. गालफुगीवानी वाटलं. दुखत न्हाई म्हनून कुनाला बोललो न्हाई."

"तोंड कोरडं पडतं?"

"पडतं."

त्या खुर्ची ओढून बसल्या. "मी तुम्हाला खोटी आशा देणार नाही," त्या म्हणाल्या. "अशी गाठ दिसली तर ती बहुतेक वेळा कॅन्सरचीच असते. पण मला शंका आहे. मोठं ऑपरेशन करण्याआधी गाठीचा तुकडा काढून तपासू या. थांबाल?"

मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं. इतके दिवस सगळे माझ्याबद्दल बोलत होते. ह्या बाई माझ्याशी बोलत होत्या.

पुन्हा दुर्बीण, सुई, रक्ताच्या तपासण्या. रिपोर्ट यायला लागलेला वेळ हा ह्या सगळ्या आजारपणातला सर्वांत वाईट वेळ होता. कॅन्सर म्हटल्यावर मन एका जागी बसलं होतं. शंका म्हटल्यावर ते परत उठून येरझाऱ्या घालायला लागलं. सुरेखा आणि मी एकमेकांवर खेकसायचो. ती डबा घेऊन यायची, मी म्हणायचो उशीर झाला, ती म्हणायची भोसरीच्या सिग्नलला जाऊन बघा एकदा.

रिपोर्ट घेऊन मॅडम आल्या तेव्हा सुरेखा उभी राहिली.

"कॅन्सर नाही," मॅडम म्हणाल्या. "तुकड्यात नाही आणि बाकीचं सगळं दुसऱ्याच आजाराकडे बोट दाखवतंय. शरीराची राखण करणाऱ्या पेशी असतात ना, त्याच तुमच्या स्वादुपिंडावर उठल्यात. परक्याला मारायचं सोडून घरच्यालाच मारतायत. म्हणून ते सुजलं आणि पित्ताची वाट दाबली गेली. जबड्याखालच्या लाळेच्या ग्रंथी फुगल्यात त्याही त्यामुळेच."

मी म्हणालो, "म्हणजे भावकी."

त्यांना आधी कळलं नाही. कळल्यावर त्या इतक्या हसल्या की वॉर्डातली माणसं बघायला लागली. "हो," त्या म्हणाल्या, "भावकीच. पण ही गोळ्यांनी ऐकते."

मग त्यांनी विचारलं की माझी माहिती त्यांच्या अभ्यासात घेतली तर चालेल का. वाट बंद होते आणि कारण पटकन कळत नाही, अशा रुग्णांवर त्या काम करत होत्या. मी म्हणालो, "घ्या. नाव मोठ्या अक्षरात टाका. गावाचंबी टाका."

"नाव नसतं हो त्यात. वय आणि आजार, एवढंच."

मला वाईट वाटलं. मी जगल्याचा तेवढाच एक पुरावा छापील मिळाला असता.

आणखी एक सांगायचं राहिलं. मला त्या सर्जनकडे जाऊन भांडायचं होतं. मॅडमनी अडवलं. "त्यांनी जे पाहिलं त्यावरून पहिल्या दिवशी मीही तेच म्हणाले असते. तुमच्यासारखे थोडे असतात." खरं होतं. त्यामुळे एक शत्रू हातचा गेला. उरले विलास आणि नानी.

गोळीचा राग

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी चमत्कार व्हावा तशी सूज उतरली. पुढच्या स्कॅनमध्ये गाठ जवळजवळ दिसेनाच. नंतर पित्तातली नळीही काढली. (कुणाला नळी टाकली असेल तर ती कधी काढायची किंवा बदलायची, हे डॉक्टरांना विचारून लक्षात ठेवा. बरं वाटलं की माणूस ती विसरतो आणि मग ती आतच तुंबते.) पण गोळ्यांची किंमत असते. तोंड पुरीसारखं फुगलं, साखर वाढली, भूक अशी लागायची की मी भाकरी भाजून व्हायची वाट बघायचो नाही. आणि राग! ताटात मीठ कमी म्हणून मी वाटी भिंतीवर मारली. प्राजक्ता माझ्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. मॅडम म्हणाल्या, ह्या गोळीने चिडचिड होते, घरच्यांना सांगून ठेवा. मी सांगितलं. पण मनात म्हणायचो, यातला गोळीचा राग किती आणि माझा किती, हे कोणत्या तपासणीत कळणार?

बरा झाल्यावर पहिलं काम काय केलं? त्याच कासारणीला बोलावलं. आमच्या दारात नाही, नानीच्या अंगणात. सुरेखाला म्हणालो, जरा चल. नानी तांदूळ निवडत होती. मला बघून सूप तिच्या हातातच राहिलं.

"दत्ता? आरं, तू... लई बरं झालं बाबा."

"व्हय नानी. जितं हाय अजून." मी कासारणीला म्हणालो, "हिच्या हातात भर. हिरव्या. कोपरापर्यंत."

कासारीण बिचारी एकदा नानीकडे बघे, एकदा माझ्याकडे. तिने सुरेखाचा हात घेतला. बांगडी चढवताना होणारा तो किणकिण आवाज मी नानीला शेवटपर्यंत ऐकवला. नानीची मान वर झाली नाही. मला आत इतकं गार वाटलं म्हणून सांगू! ओला पंचा पाठीवर टाकल्यावरही कधी वाटलं नव्हतं.

घरी आलो तर सुरेखा एकेक बांगडी उतरवायला लागली. रोजच्या चार ठेवल्या, बाकीच्या ओट्यावर.

"काय झालं?"

"मला इचारलं का तुमी?" ती म्हणाली. "तिनं चार बायकांत माझा हात मागं सारला. तुमी आज माझा हात धरून पुडं केला. हात माझाच हाय ना? त्या दिवशीबी मला कुनी इचारलं न्हाई, आजबी न्हाई."

मी म्हणालो, चुकलं. ती म्हणाली, जेवून घ्या.

घाट

विलासला मात्र सोडणार नव्हतो. चैत्रात शेजारच्या गावची जत्रा होती, शर्यत होती. कांबळेच्या गाडीवर मागे बसून गेलो. अंग अजून हलकं होतं, उन्हात डोळ्यांपुढे काजवे यायचे. डोक्यात एकच चित्र. काजळ्या मला बघून हंबरणार, जागचा हलणार नाही, आणि सगळ्या घाटादेखत विलासचं तोंड उतरणार.

मी बॅरिकेडपाशी गेलो. काजळ्या हाताच्या अंतरावर होता. मी हाक मारली. त्याने कान हलवले, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा चढाकडे तोंड केलं. गाडा सुटला. असा पळाला, असा पळाला की मी स्वतःला विसरून ओरडलो. नंबर आला. गुलाल उडाला. माइकवर नाव पुकारलं, बाळाशेठचं आणि विलासचं. मी गर्दीत उभा, फुगलेल्या तोंडाचा, कुणी न ओळखलेला. सूड घ्यायला आलेला माणूस टाळ्या वाजवून बसला होता.

विलासने मला पाहिलं. गुलालाने माखलेला तसाच आला.

"दादा, राग धरू नको. डॉक्टरच तसं म्हनला व्हता. बैल उभा ठेवून गंजला असता. मी वाईट काय केलं?"

"मी मेल्यावर करायचं ते आदी केलंस."

"मंग?" तो हसला. त्याला खरंच हसू आलं. "माझ्यावर डूख धरूनच जगलास न्हवं? वैनी सांगत व्हती. मंग उपकारच मान माझं."

कांबळेने माझं मनगट धरलं नसतं तर मी काय केलं असतं सांगता येत नाही. कारण विलासचं म्हणणं पूर्ण खोटं नव्हतं. तेच झोंबलं.

मी म्हणालो, "आजपासनं मला मेलेला समज, इलास. तुला सवय हायच."

तो हसायचा थांबला.

तेव्हापासून मी त्याच्याशी बोललेलो नाही. त्याच्या घरचं पाणी पीत नाही, त्याच्या दारातलं बोलावणं घेत नाही. गोठ्यातली माझी बाजू मी भिंत घालून वेगळी केली. अशा लेखांच्या शेवटी माणूस सगळ्यांना माफ करतो, मन हलकं झालं म्हणतो. माझं झालेलं नाही. मी माफ केलेलं नाही. आजार परत येऊ शकतो, मॅडमनी स्पष्ट सांगितलंय. म्हणून बारीक डोसची गोळी चालू आहे, तपासण्या चालू आहेत. रागही चालू आहे. तो वाढू नये एवढं बघतो, सुरेखासाठी.

बाकावर

गेल्या तपासणीला मॅडमच्या केबिनबाहेर बसलो होतो. शेजारी देहूरोडचं एक कुटुंब होतं. मधे एक माणूस, साठीचा, डोळे गर्द पिवळे, नखांनी दंड खाजवत. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला धाकटा भाऊ. भाऊ बोलका होता. मी काही न विचारता मला सांगायला लागला, "आमचे अण्णा फार कष्टाळू होते हो. कुणाला कधी उलटून बोलले नाहीत. सगळ्या घराचा आधार होते."

अण्णा मधेच बसलेले. समोरच्या भिंतीकडे बघत होते.

"होते म्हणजे?" मी म्हणालो. आवाज मोठा निघाला. "हे बसलेत ते कोण आहेत?"

भाऊ गडबडला. "नाही, म्हणजे डॉक्टरांनी..."

"डॉक्टरांनी काय सांगायचं ते सांगू द्या. तुम्ही आत्तापासून होते-होते करू नका."

त्या बाईने माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या गुडघ्यावरचा तिचा हात घट्ट झाला. अण्णांची गाठ कसली निघाली मला माहीत नाही. बहुतेकांची निघते तीच निघाली असेल. माझ्यासारखंच होईल, असं मी त्यांना म्हणालो नाही. तसं कुणीही कुणाला म्हणू नये.

कँटीनचा माणूस चहाची किटली घेऊन आला. भावाने दोन बोटं दाखवली, एक स्वतःला, एक वहिनीला. "अण्णांना नको," तो म्हणाला.

मी अण्णांकडे वळलो. "अण्णा, चहा घेणार का?"

त्यांनी मान वळवून आधी भावाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. खाजवणारा हात थांबला.

"घेणार," ते म्हणाले. "आणि ह्याला म्हणावं, जरा पलीकडे सरक. मघापासून माझा वारा अडवून बसलाय."